सगळं करणाऱ्या टीमने आपली आळी कशी निवडावी

"लोगो करून द्यायचा किती घेता?" असा फोन तुमच्या स्टुडिओत रोज येत असेल, तर तुमची अडचण दराची नाही. फोन करणाऱ्याने तुमच्याआधी तिघांना विचारलंय, तुमच्यानंतर दोघांना विचारणार आहे, आणि सहाही जणांच्या वेबसाइटवर 'ब्रँडिंग, प्रिंट, सोशल मीडिया, व्हिडिओ, वेबसाइट' हीच ओळ आहे. मग त्याने निवडायचं कशावर? आकड्यावर. त्याचं काही चुकत नाही.

यावर उपाय म्हणजे एकाच प्रकारचं काम धरणं, आपली एक आळी निवडणं. पुण्यात हे कोणाला समजावून सांगायची खरं तर गरज नाही. शाळेची पुस्तकं हवीत तर माणूस अप्पा बळवंत चौकात जातो, तांब्याची घागर हवी तर कसब्यातल्या तांबट आळीत, सूप-टोपली हवी तर बुरुड आळीत आणि गाडीचा पार्ट हवा तर नाना पेठेत. तांबट आळीत शिरलेला माणूस "तुम्ही तांब्याचं काम करता का?" असं विचारत नाही, तो थेट घागर वाजवून बघतो. शेजारीच दुसरा तांबट बसलेला असतो, तरी दोघांचं चालतं, कारण तांब्यासाठी घराबाहेर पडलेला माणूस तिथेच येतो.

मी सदाशिव पेठेत पाच जणांची डिझाइन टीम चालवतो. पहिली सहा वर्षं आम्ही पत्रिकेपासून वेबसाइटपर्यंत सगळं केलं. गेली पाच वर्षं छोट्या खाद्यपदार्थ उत्पादकांची पाकिटं आणि लेबलं करतो, बाकी जवळजवळ काही नाही. हा लेख तीन ते दहा-बारा जणांच्या टीमसाठी आहे, मग ती डिझाइनची असो, लेखनाची, व्हिडिओची किंवा फोटोग्राफीची. एकट्याने काम करणाऱ्याचं गणित थोडं वेगळं असतं.

फायदा नक्की कुठून येतो

टीममध्ये ज्ञान वाटलेलं असतं. एक जण कॅटलॉग करतो, दुसरी रील करते, तिसरा वेबसाइट बघतो. कॅटलॉगवाला नोकरी सोडून हिंजवडीला गेला की कॅटलॉगचं शहाणपण त्याच्याबरोबर जातं आणि पुढचा कॅटलॉग पुन्हा शून्यापासून सुरू होतो. सगळे एकाच जातीचं काम करायला लागले की एकाची चूक पाचही जणांना शिकवते. कोटेशनला दोन दिवसांऐवजी दहा मिनिटं लागतात, कारण असं काम आधी तीसदा झालेलं असतं. नवा मुलगा पंधरा दिवसांत कामाला लागतो. गिऱ्हाइकाने विचारायच्या आधी तुम्हीच त्याला तीन प्रश्न विचारता आणि तिथेच घासाघीस थांबते. दर वाढतो तो या शेवटच्या गोष्टीमुळे.

पहिली पायरी: जुनी बिलं काढा

'आपल्याला काय आवडतं' या प्रश्नापासून सुरुवात करू नका. त्यावर टीमची चर्चा चार कप चहा संपेपर्यंत चालते आणि शेवटी सगळ्यांना माहितीपट करायचे असतात. गेल्या दोन वर्षांची बिलं काढा आणि प्रत्येक बिलासमोर सात गोष्टी लिहा: गिऱ्हाइकाचा धंदा, काम, रक्कम, खरोखर लागलेले दिवस, किती वेळा चेंजेस आले, पैसे किती दिवसांनी आले आणि ते गिऱ्हाईक आपल्याकडे आलं कुठून.

आमचा तक्ता तयार झाला तेव्हा तो बघून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. ज्याचा अभिमान होता ते काम होतं गणेश मंडळांचे अहवाल. शंभर पानं, त्यांतली बहुतेक जाहिरातींची, आणि रात्री अकराला कार्यकर्त्याचा फोन, "दादा, भाऊंचा फोटो जरा मोठा करा ना." काम उत्साहाचं. पैसे विसर्जनानंतर, फक्त कोणत्या वर्षीच्या ते विचारायचं नाही. बांधकामवाल्यांच्या ब्रोशरची बिलं सगळ्यांत मोठी होती, पण दिवसांनी भागल्यावर तीच सगळ्यांत स्वस्त पडली. आणि खाली कोपऱ्यात, कोणी लक्षच न दिलेली चिवडा, मेतकूट, नाचणीचे लाडू अशा पाकिटांची छोटी छोटी बिलं. रक्कम लहान, चेंजेस दोन-तीन, पैसे वेळेवर, आणि एकच बाई दोन वर्षांत पाच वेळा परत आलेल्या. आधी चिवडा, मग त्याचं अर्ध्या किलोचं पाकीट, मग उपवासाचा प्रकार.

सातवा रकाना सगळ्यांत बोलका निघाला. ही सगळी गिऱ्हाइकं एकाच पाउच छापणाऱ्याने पाठवली होती. आमची वेबसाइट बघून त्यांतलं एकही आलं नव्हतं.

दुसरी पायरी: आळी कशाने ठरते

तीन प्रकारांनी ठरू शकते. धंद्यावरून: उदाहरणार्थ, भोसरी-चाकणच्या सुट्या भागांच्या कारखान्यांसाठी तांत्रिक कॅटलॉग, प्रदर्शनाचे स्टॉल, शॉप फ्लोअरवरचे सुरक्षिततेचे फलक. कामाच्या प्रकारावरून: फक्त मराठी मजकुराची मांडणी, किंवा फक्त समजावून सांगणारे ॲनिमेशनपट, मग गिऱ्हाईक कोणीही असो. आणि प्रसंगावरून: दुकानाचं उद्घाटन, संस्थेचं शताब्दी वर्ष, नव्या गृहप्रकल्पाची घोषणा.

पहिला प्रकार छोट्या टीमला सगळ्यांत लवकर लागू पडतो, कारण प्रत्येक धंद्याला त्याचे नियम असतात आणि नियम माहीत असलेला डिझायनर दुर्मीळ असतो. बांधकाम क्षेत्र घ्या. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळ यांच्या जोडीला क्यूआर कोडही लागतो, नाहीतर विकासकाला दंड होऊ शकतो. ब्रीफमध्ये हे नसतानाही जी टीम पहिल्याच मसुद्यात कोडसाठी जागा सोडते, तिला मार्केटिंगवाला विसरत नाही.

निवडलेल्या आळीला चार प्रश्न विचारा. या धंद्यातल्या पन्नास गिऱ्हाइकांची नावं, दुकान किंवा कारखान्यासकट, एका दुपारी लिहून काढता येतात का? त्यांना वर्षातून एकाहून जास्त वेळा आपली गरज पडते का? काम चुकलं तर त्यांचं पैशाचं नुकसान होतं का? (होत असेल तर ते चांगल्या कामाला पैसे देतात.) आणि दहावं काम पहिल्यापेक्षा सोपं होतं का? शेवटच्या प्रश्नावर लग्नपत्रिका नापास होतात. शंभरावी पत्रिकासुद्धा पहिलीइतकाच त्रास देते, कारण प्रत्येक घरात नव्या मामांचं नाव राहून गेलेलं असतं.

आळी किती अरुंद असावी, हा प्रश्न नेहमी येतो. 'फूड' ही आळी नव्हे, ते मार्केट यार्ड झालं. 'फक्त भाकरवडीची पाकिटं' म्हटलं तर या शहरात चवीवरून भांडणं खूप होतील, पण धंदा चालणार नाही. 'पाकीटबंद खाद्यपदार्थ करणारे छोटे उत्पादक' इथे आम्ही थांबलो, कारण पन्नास नावांची यादी तिथे भरली.

तिसरी पायरी: पाटी न बदलता तीन महिने करून बघा

लगेच घोषणा नको. चालू कामं चालू राहू द्या आणि निवडलेल्या क्षेत्रात तीन कामं मिळवा. त्याआधी दहा जणांशी बोला. "आमच्याकडून काम करून घ्याल का?" असं विचारू नका, पुण्यातला माणूससुद्धा तोंडावर नाही म्हणायचा नाही. मागचं पाकीट कोणी केलं, किती दिवस लागले, छापून आल्यावर काय चुकलेलं निघालं, परत छापावं लागलं का, हे विचारा. त्यांच्या तक्रारी म्हणजे तुमच्या कामाची यादी.

हे बोलणं जिथे माल बनतो तिथे जाऊन करा. आमच्यासाठी डिसेंबरातली भीमथडी जत्रा ही मोठी शाळा ठरली. महाराष्ट्रभरातले बचत गट आणि घरगुती उत्पादक तिथे एका मैदानात सापडतात. एका ताईंचं लोणचं अप्रतिम होतं, पण तेल लागून लेबलावरची शाई पुसली गेली होती. आमच्या टीमला त्या दिवशी कळलं की लोणच्याच्या बरणीचं डिझाइन रंगांपासून नाही, कागद आणि लॅमिनेशनपासून सुरू करायचं असतं. छापखान्यातही दोन दिवस नुसते उभे राहा. मशिनवरचे ऑपरेटर जे सांगतात ते कॉलेजात कोणी सांगत नाही.

चौथी पायरी: वही

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा हा आहे, आणि बहुतेक टीम नेमका हाच टाळतात. प्रत्येक कामातून शिकलेली गोष्ट एका सामायिक वहीत उतरली पाहिजे. आमची खरोखरच फुलस्केप वही होती, आता ती स्प्रेडशीट आहे. वही नसेल तर तुमच्याकडे फक्त एकाच धंद्यातली बरीच गिऱ्हाइकं आहेत. त्याला आळी म्हणत नाहीत.

नमुना म्हणून आमच्या वहीतलं थोडं देतो. तुमचं क्षेत्र वेगळं असलं तरी तपशील किती बारीक हवा, याचा अंदाज येईल.

मजकूर हातात आल्यावर पहिल्यांदा एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक मोजायचा. एक आकडा गळालेला असण्याचं प्रमाण चिंताजनक आहे. शाकाहारी चिन्ह म्हणजे हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका, मांसाहारी म्हणजे तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण. जुन्या फायलीतून कॉपी केलं की तपकिरी ठिपका येतो, तो आता चालत नाही. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे. म्हणजे 'बदाम लाडू'त साखर जास्त असेल तर साखर आधी येणार, आणि मालक नाराज होणार. हे त्यांना आधीच सांगून ठेवायचं. शेंगदाणे, दूध, गहू असतील तर ॲलर्जीची सूचना. निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी फोन. 'शुगर फ्री', 'डायबेटिसवर उत्तम' असले शब्द गिऱ्हाइकाने दिले तर मसुद्यात घ्यायचेच नाहीत. अशा दाव्यांचे नियम वेगळे आहेत आणि ते तपासल्याशिवाय हात लावायचा नाही.

मग छपाईकडचा भाग. बारकोड लाल रंगात नको. स्कॅनरचा उजेड लाल असतो, त्याला लाल रेघा पांढऱ्या दिसतात. (बारकोडचे क्रमांक देणाऱ्या जीएस१ इंडिया या संस्थेकडून घेतलेला बारकोड ८९० ने सुरू होतो. त्याचा अर्थ माल भारतात बनला असा नव्हे, क्रमांक इथे घेतला एवढाच. हे दर महिन्याला कोणाला तरी समजावून सांगावं लागतं.) बॅच नंबर आणि तारखेचा शिक्का जिथे बसणार ती जागा मोकळी ठेवायची आणि खोक्यावर तेवढ्या भागात वार्निश नको, शाई धरत नाही. पारदर्शक पाउचवर रंगांच्या मागे पांढऱ्या शाईचा थर धरायचा, नाहीतर चिवड्याचा पिवळा रंग डिझाइनमध्ये शिरतो. रोटोग्रॅव्हरला, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरने पाउच छापायच्या पद्धतीत, प्रत्येक रंगाचं वेगळं सिलिंडर लागतं. त्यामुळे सात रंगांची हौस कोणाच्या खिशातून जाणार, ते ब्रीफच्या दिवशीच बोलायचं. पहिलीच बॅच लहान असेल तर कोरा पाउच आणि वर स्टिकर असा सल्ला द्यायचा. आपलं बिल थोडं कमी होतं, पण माणूस परत येतो.

मराठी मजकुरासाठी वेगळं पान आहे. श्रीलिपी या जुन्या फाँट-पद्धतीतला मजकूर युनिकोडमध्ये आणला की रफार आणि जोडाक्षरं एकदा मोठ्याने वाचून तपासायची, आणि छापखान्यात फाइल पाठवण्याआधी अक्षरांचे आउटलाइन करायचे. 'प्रक्रिया'चं 'प‌्रक‌्रिया' झालेलं पाकीट मी पाहिलंय.

आणि आता आमच्या चुकीची नोंद, वहीत लाल शाईत आहे ती. सुरुवातीच्या एका पाउचवर पत्त्याची शेवटची ओळ सीलच्या पट्ट्यात गेली. मशिनने पाकीट बंद केलं की पिनकोड गायब. चूक पूर्ण आमची होती. नवीन छपाईचा अर्धा खर्च आम्ही भरला आणि त्या दिवसापासून प्रत्येक फाइलमध्ये सीलची जागा गुलाबी पट्टीने दाखवली जाते. पुढच्या पाच वर्षांत ती चूक परत झाली नाही, कारण नवा आलेला मुलगासुद्धा गुलाबी पट्टी बघून विचारतो, "हे काय?"

पाचवी पायरी: दर आणि कागदपत्रं

कामांचे ठरावीक प्रकार झाले की दरही ठरावीक करता येतात. आमचे तीन आहेत: एक पाकीट, एकाच पदार्थाची तीन मापं आणि संपूर्ण मालिका. प्रत्येकात किती मसुदे, किती वेळा चेंजेस, छपाईच्या वेळी प्रेसमध्ये माणूस जाणार की नाही, हे लिहिलेलं. निम्मे पैसे आधी. ताशी दर सांगू नका. तुम्ही हुशार झालात की काम लवकर होतं, आणि ताशी दराने हुशारीची शिक्षा तुम्हालाच होते.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केली नसेल तर आजच करा, ती मोफत आणि ऑनलाइन आहे. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. हे २००६च्या एमएसएमई कायद्यात आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आणखी एक गोष्ट झाली: मुदतीत पैसे न दिल्यास गिऱ्हाइकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा करता येत नाही. त्यामुळे मार्चमध्ये त्यांचे सीए स्वतःच फोन करून विचारतात की यांचं बिल दिलं का. उद्यम क्रमांक बिलावर ठळक छापा, भांडायची वेळ बहुधा येत नाही.

सहावी पायरी: आता पाटी बदला

वेबसाइटवरची पहिली ओळ अशी असावी की चुकीचा माणूस लगेच निघून जाईल. आमची आहे, 'छोट्या खाद्य उत्पादकांसाठी पाकिटं आणि लेबलं'. सुंदर वगैरे काही नाही. जुन्या कामांतली बाकी सगळी चित्रं काढून टाका. मन दुखतं, मलाही अहवालाची मुखपृष्ठं काढताना दुखलं, पण नऊ प्रकारची कामं दाखवणाऱ्याला कोणी दहाव्यासाठी लक्षात ठेवत नाही. प्रत्येक कामाखाली दोन ओळी लिहा: अडचण काय होती, काय बदललं. आणि जिथून गिऱ्हाइकं येतात (पाउचवाला, अन्न परवान्याची कामं करणारे सल्लागार, छोटी यंत्रं विकणारे) त्यांना प्रत्यक्ष भेटा. जाहिरातीवर खर्च करायची वेळ आमच्यावर अजून आलेली नाही.

सातवी पायरी: नाही म्हणणं, आणि टीमचा कंटाळा

नाही म्हणताना दुसऱ्याचा नंबर द्या. आम्ही ब्रोशरची कामं एरंडवण्यातल्या एका मित्राकडे पाठवतो, तो पाकिटं आमच्याकडे. चालू गिऱ्हाइकांना मात्र तडकाफडकी सोडू नका, एक वर्षाची मुदत द्या आणि हातातलं पूर्ण करा.

टीममध्ये विरोध होईल, तो खरा असतो. आमच्यातल्या एकाने स्पष्ट सांगितलं, "दादा, मला आयुष्यभर चिवडा नाही करायचा." तो वर्षभराने गेला, चांगल्या मनाने गेला. राहिलेल्यांसाठी आम्ही शनिवार मोकळा ठेवला. कोणी पुरुषोत्तम करंडकाला उतरलेल्या आपल्या जुन्या कॉलेजच्या एकांकिकेचं पोस्टर करतं, कोणी अक्षरलेखन. मंडळाचा अहवालही आम्ही अजून एक करतो, वर्गणी समजून.

धोका एकच मोठा आहे, सगळी अंडी एकाच टोपलीत. २०२०च्या मार्चनंतर फक्त कार्यक्रमांची कामं करणाऱ्या ओळखीच्या टीमचं काम एका आठवड्यात थांबलं. म्हणून एका गिऱ्हाइकाकडून एक तृतीयांशापेक्षा जास्त उत्पन्न नको, आणि चार-सहा महिन्यांचा खर्च बँकेत असल्याशिवाय जुनी कामं पूर्ण बंद करू नका. दिवाळीनंतर काम थोडं सैल होतं, तेव्हा दर वर्षी तो सात रकान्यांचा तक्ता पुन्हा भरा. आमच्या गेल्या तक्त्यात नुसत्या बरण्यांच्या लेबलांची संख्या पाउचपेक्षा जास्त दिसली. कदाचित पुढची गल्ली तिकडे असेल.

नातेवाइकांचं काय, हेही विचारलं जातं. गेल्या वर्षी काकांचा फोन आला, "अरे, चिवड्याची पाकिटं करतोस आणि घरच्या लग्नाची पत्रिका नाही?" मी मित्राचा नंबर दिला. काकांनी तो लिहूनही घेतला नाही. पत्रिका आम्हीच केली, पैसे न घेता, अकरा वेळा चेंजेस. मामांचं नाव तरी राहिलंच.